कोचिंगचा प्लॅटफॉर्म बदलताना: आधी थ्रेशोल्ड, मग फाइली

ट्रेनिंग प्लॅटफॉर्म (खेळाडूंचे वर्कआउट ठरवायची आणि मोजायची सेवा) बदलायचं ठरलं की बहुतेक कोच पहिल्यांदा विचारतात, "जुना डेटा नव्या जागी येईल ना?" फाइली येतात, त्याची फार काळजी करू नका. त्या ज्या मापाने मोजल्या गेल्या ते माप मात्र सोबत येत नाही. कोणत्या तारखेला खेळाडूचा एफटीपी (सायकलवर साधारण तासभर टिकवता येणारी कमाल पॉवर) किती होता, हार्ट रेटचे झोन कशावरून काढले होते, लोडचं (वर्कआउटच्या ताणाच्या आकड्याचं) सूत्र कोणतं होतं, हे सगळं जुन्या प्लॅटफॉर्मच्या सेटिंगमध्ये असतं, फाइलीत नसतं. ते न आणता फाइली ओतल्या तर आलेख सुरेख दिसतो आणि आतून चुकलेला असतो. पुढच्या आठवड्याचा प्लॅन आपण त्याच आलेखाकडे बघून लिहितो, म्हणून ही चूक महागात पडते.

त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी तारखांसह थ्रेशोल्ड (खेळाडूला बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराची वरची सीमा, जसा एफटीपी), मग फाइली, मग वर्कआउटची लायब्ररी, आणि खेळाडू सगळ्यात शेवटी.

वेळ निवडताना महत्त्वाच्या शर्यतीच्या आधीचे आठ आठवडे टाळा. सीझन संपल्यावरचे विश्रांतीचे दोन-तीन आठवडे सगळ्यात चांगले. तेव्हा लोड कमी असतो, वर्कआउट साधे असतात आणि एखादं सिंक चुकलं तरी काही बिघडत नाही. सगळ्यांना एकदम हलवू नका. तीन खेळाडू निवडा: एक पॉवर मीटरवाला सायकलिस्ट, एक ट्रायथलीट आणि एक असा धावपटू ज्याच्याकडे फक्त मनगटावरचं घड्याळ आहे. गॅजेटमध्ये रमणारा खेळाडू चाचणीला घेण्याचा मोह होतो, पण तो अडचणी स्वतःच सोडवून टाकतो आणि तुम्हाला त्या कळतच नाहीत. ज्याला सेटिंगचा कंटाळा आहे तो खरा परीक्षक. हे तिघं तीन-चार आठवडे दोन्हीकडे चालू द्या.

काय उतरवून घ्यायचं

जुन्या प्लॅटफॉर्मवरून तीन वेगळ्या गोष्टी काढाव्या लागतात आणि त्या सहसा तीन वेगळ्या ठिकाणांहून निघतात: मूळ वर्कआउट फाइली, वर्कआउटचा सारांश असलेली सीएसव्ही, आणि वजन, झोप, एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार), सकाळचा हार्ट रेट अशा रोजच्या नोंदी. खेळाडूने लिहिलेले शेरे आणि आरपीई (कष्ट किती वाटले याचा त्याने दिलेला आकडा) फिट फाइलीत, म्हणजे घड्याळाच्या मूळ नोंदीत, भरवशाने मिळत नाहीत. ते सारांशाच्या सीएसव्हीत आलेत का ते उघडून बघा. नसतील तर निदान गेल्या एका सीझनचे महत्त्वाचे शेरे हाताने उतरवून ठेवा. "डावा गुडघा तिसऱ्या रिपीटपासून दुखतोय" हे वाक्य पुढच्या वर्षी कोणत्याही आलेखात सापडणार नाही.

फाइल नेहमी मूळ फिट प्रकारातच घ्या. जीपीएक्स या दुसऱ्या प्रकारात मुळात जागा, उंची आणि वेळ एवढंच असतं. हार्ट रेट आणि पॉवर त्यात जोडपट्टी लावल्यासारखे येतात आणि वाचणारं सॉफ्टवेअर ते समजून घेईलच असं नाही. लॅप तर त्यात नसतातच. टीसीएक्समध्ये लॅप टिकतात, पण कोणता सेन्सर जोडला होता ते आणि फूटपॉडने भरलेली खास फील्ड गळतात. फिटमध्ये हे सगळं राहतं, घड्याळाने नोंदवले असतील तर हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतरही.

जीपीएक्सची आणखी एक खोड आहे. त्यात वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि स्थानिक वेळ कुठेच लिहिलेली नसते. प्लॅटफॉर्मने टाइम झोन लावला नाही, तर यूटीसीच्या आठ तास पुढे असलेल्या ठिकाणी सकाळी सहाला केलेलं रन आदल्या रात्री दहाच्या खात्यावर जमा होतं. मग आदल्या दिवशी दोन वर्कआउट दिसतात, त्या दिवशी शून्य, आणि ठरवलेलं रन चुकलं म्हणून लाल होतं. कॅलेंडरवर असं एका दिवसाने सरकलेलं दिसलं तर खेळाडूला विचारण्याआधी फाइलीचा प्रकार बघा.

स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवण्याच्या ॲपमार्गे फाइली आणण्याचा सोपा रस्ता आता कोचच्या उपयोगाचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्ट्राव्हाने एपीआयच्या (इतर ॲपना डेटा देण्याच्या व्यवस्थेच्या) अटी बदलल्या. तेव्हापासून त्रयस्थ ॲपला तिथून आलेला डेटा ज्याचा आहे त्यालाच दाखवता येतो, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणजे खेळाडूच्या पडद्यावर वर्कआउट दिसेल आणि तुमच्या पडद्यावर दिसणार नाही. घड्याळाच्या कंपनीचं खातं, मग ते गार्मिन असो, कोरोस, सुंटो, पोलर किंवा वाहू, थेट नव्या प्लॅटफॉर्मला जोडा आणि स्ट्राव्हाची जोडणी काढून टाका. नाहीतर एकच रन दोन वाटांनी येतं आणि त्या दिवसाचा लोड दुप्पट होतो. काही प्लॅटफॉर्म सुरुवातीची वेळ जुळली की दुसरी प्रत गाळतात. पण मधल्या एखाद्या सेवेने सुरुवात काही सेकंद सरकवली, की ती चाळणी हुकते.

आधी थ्रेशोल्ड भरण्याचं कारण

एक खेळाडू घ्या. वर्षभरापूर्वी त्याचा एफटीपी २२० वॅट होता, आज २५० आहे. तेव्हाची एक तासाची राइड, नॉर्मलाइज्ड पॉवर (चढउतार धरून काढलेली सरासरी पॉवर) २०० वॅट. इंटेन्सिटी फॅक्टर म्हणजे २०० भागिले २२०, साधारण ०.९१. त्याचा वर्ग करून शंभराने गुणलं की त्या तासाचा टीएसएस, म्हणजे लोडचा आकडा, येतो ८३. नव्या प्लॅटफॉर्मला फक्त आजचा एफटीपी माहीत असेल तर तो २०० भागिले २५० करतो, ०.८, आणि टीएसएस देतो ६४. तीच राइड, तेच पाय, १९ गुण गायब. वर्षभराच्या प्रत्येक जुन्या राइडला हेच होतं. भूतकाळ हलका दिसतो आणि गेल्या दोन महिन्यांचा लोड अचानक चढल्यासारखा वाटतो. त्यावरून विश्रांतीचा आठवडा लावला, तर तो नको तिथे लागतो.

उपाय साधा आहे, फक्त चिकाटी लागते. प्रत्येक खेळाडूसाठी एक तक्ता करा: तारीख, खेळ, एफटीपी किंवा थ्रेशोल्ड पेस, थ्रेशोल्ड हार्ट रेट, वजन. जुन्या चाचण्यांच्या तारखा कॅलेंडरमध्ये सापडतात. हे आकडे त्यांच्या तारखांसह नव्या जागी भरा, मगच फाइली चढवा. प्लॅटफॉर्म तारखेनुसार थ्रेशोल्ड ठेवूच देत नसेल, तर फाइली तुकड्यांत चढवा: जुना एफटीपी भरा, त्या काळातल्या फाइली टाका, मग पुढचा आकडा. त्याआधी एका फाइलीवर पाहून घ्या की सेटिंग बदलल्यावर जुने वर्कआउट आपोआप पुन्हा मोजले जात नाहीत ना. जात असतील तर तुकडे करूनही काही साधत नाही.

किती मागचा इतिहास आणायचा? फिटनेसचा आलेख, म्हणजे सीटीएल, ही रोजच्या लोडची, जुने दिवस हळूहळू फिके होत जाणारी सरासरी असते, ४२ दिवसांच्या कालस्थिरांकाची, आणि थकव्याचा एटीएल ७ दिवसांचा. इतिहास नसला की दोन्ही शून्यापासून निघतात, पण सारख्या वेगाने वर येत नाहीत. समजा खेळाडू कित्येक महिने रोज सरासरी ६० लोड करतोय. त्याचा खरा सीटीएल ६०, एटीएल ६०, फॉर्म (सीटीएल वजा एटीएल) शून्य. कोऱ्या प्लॅटफॉर्मवर ४२ दिवसांनी एटीएल ६० च्या जवळ पोचलेला असतो आणि सीटीएल जेमतेम ३८ वर. फॉर्म दिसतो उणे २२. खेळाडू ताजातवाना आणि आलेख सांगतो की तो थकलाय. ८४ दिवसांनी सीटीएल ५२, १२६ दिवसांनी ५७. म्हणून निदान सहा महिन्यांच्या फाइली आणा. त्या नसतील आणि प्लॅटफॉर्म सुरुवातीचा सीटीएल व एटीएल भरू देत असेल, तर जुन्या जागचे आकडे तिथे घाला. दोन्ही भरा. नुसता सीटीएल भरला तर चूक उलट्या बाजूला जाते आणि पहिले दहा-बारा दिवस खेळाडू उगाच ताजा दिसतो.

हे आकडे घालण्याआधी लोडचं सूत्र तपासा. टीएसएस, नॉर्मलाइज्ड पॉवर ही नावं ट्रेनिंगपीक्सच्या ट्रेडमार्कची आहेत, त्यामुळे इतर जागी तेच किंवा त्याच्यासारखं गणित ‘लोड’सारख्या साध्या नावाखाली असतं. नाव वेगळं आणि सूत्र तेच, असं असू शकतं. नाव जवळचं आणि सूत्र वेगळं, असंही असू शकतं. गार्मिनच्या घड्याळातला ट्रेनिंग लोड ईपीओसीच्या (व्यायामानंतर शरीर घेत असलेल्या जादा ऑक्सिजनच्या) अंदाजावर बेतलेला आहे. बॅनिस्टरचा ट्रिम्प हा लोड हार्ट रेट राखीवावरून (कमाल वजा विश्रांतीचा हार्ट रेट) निघतो. स्ट्राव्हाचा रिलेटिव्ह एफर्ट आणखी निराळा. हे आकडे एका रांगेत मांडायचे नसतात. फॉर्म काढताना काही ठिकाणी कालचा सीटीएल वजा कालचा एटीएल घेतात, काही ठिकाणी आजचे. टेपरच्या (शर्यतीआधी लोड कमी करण्याच्या) आठवड्यात त्या एका दिवसाचा फरक डोळ्यांत भरतो.

झोनचं नाव एक, अर्थ दोन

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि त्याचा ताण थेट खेळाडूच्या पायांवर येतो. धावपटूचा थ्रेशोल्ड हार्ट रेट १६८ आणि कमाल १८५ आहे असं धरा. जो फ्रील या कोचच्या पद्धतीने थ्रेशोल्डच्या ८५ ते ८९ टक्के घेतलं तर झोन २ येतो १४३ ते १५०. कमाल हार्ट रेटच्या ६० ते ७० टक्के घेतलं, जसं कित्येक घड्याळांत मुळातच असतं, तर झोन २ येतो १११ ते १३०. दोन पट्टे कुठे शिवतसुद्धा नाहीत. तुम्ही लिहिलंय "७० मिनिटं झोन २", खेळाडू घड्याळाकडे बघून धावतो आणि तीन आठवडे चालण्याच्या वेगात घालवतो. उलट दिशेने चूक झाली तर दर सोपं रन मध्यम कष्टाचं होऊन बसतं.

म्हणून हार्ट रेटचे झोन तीन जागी सारखे करा: प्लॅटफॉर्मवर, घड्याळाच्या ॲपमध्ये आणि प्रत्यक्ष घड्याळात. घड्याळात खेळानुसार वेगळे झोन ठेवता येत असतील तर ठेवा. धावताना आणि सायकलवर थ्रेशोल्ड हार्ट रेट सारखा नसतो, बहुतेकांचा सायकलवर काही ठोक्यांनी कमी असतो. पहिले काही आठवडे वर्कआउटच्या वर्णनात झोनच्या नावासोबत आकडेही लिहा: "झोन २, १४३ ते १५०". लिहायला थोडं जास्त लागतं, पण गैरसमजाला जागा उरत नाही.

पेसच्या टक्क्यांत आणखी एक सापळा आहे. थ्रेशोल्ड पेस ५:०० प्रति किलोमीटर असेल तर त्याचे ९० टक्के किती? वेगाचे ९० टक्के धरले तर ५:३३, म्हणजे सावकाश. वेळेचे ९० टक्के धरले तर ४:३०, म्हणजे थ्रेशोल्डच्या बऱ्याच पुढे. नवा प्लॅटफॉर्म कोणता अर्थ घेतो ते एक वर्कआउट बनवून घड्याळावर पाठवून बघा. नुसती मदतीची पानं वाचून समाधान मानू नका.

पोहण्यात एकक बघा. ४०० मीटर ६:४० आणि २०० मीटर ३:१० मध्ये पोहणाऱ्याचा सीएसएस (पोहण्यातला थ्रेशोल्ड वेग) येतो २०० मीटर भागिले २१० सेकंद, म्हणजे १:४५ प्रति १०० मीटर. प्लॅटफॉर्म यार्डांवर असेल तर त्याच वेगासाठी तिथे १:३६ भरावं लागतं. १:४५ तसंच ठेवलं, तर प्रत्येक स्विम थ्रेशोल्डच्या वर केल्यासारखं दिसतं आणि लोड फुगतो.

एचआरव्हीच्या नोंदी आणत असाल तर माप कोणतं ते पाहा. ॲपल हेल्थ एसडीएनएन देतं, बाकीची बहुतेक साधनं आरएमएसएसडी; ही एचआरव्ही काढण्याची दोन वेगळी गणितं आहेत. दोन्ही मिलिसेकंदांत असतात म्हणून ती एकाच रकान्यात गुपचूप बसतात आणि आलेखाला मध्येच पायरी पडते. अशा वेळी जुन्या नोंदी आणूच नयेत, नव्या जागी पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

दहा फाइलींची चाचणी

सगळा इतिहास ओतण्याआधी दहा फाइली वेचून काढा, मुद्दाम अवघड: पॉवरचा उसळा असलेली राइड, ट्रेनरवरची (घरात सायकल बसवून चालवायच्या यंत्रावरची) राइड, चढउताराचं रन, ट्रेडमिल, ड्रिलसह पूलमधलं स्विम, ओपन वॉटर, मल्टिस्पोर्ट मोडमध्ये नोंदवलेला ब्रिक (सायकल आणि लगेच धावणं), मध्ये लांब थांबे असलेली राइड, मध्यरात्र ओलांडणारं वर्कआउट आणि ताकदीचा व्यायाम. दोन्हीकडे चढवा आणि वेळ, अंतर, चढाई, नॉर्मलाइज्ड पॉवर, लोड शेजारी शेजारी मांडा.

नॉर्मलाइज्ड पॉवरमध्ये एखाद-दोन वॅटचा फरक चालतो. ३० सेकंदांची सरकती सरासरी, तिचा चौथा घात, त्याची सरासरी, मग चौथं मूळ, एवढंच ते गणित आहे. फरक मोठा असेल तर थांब्यांकडे बघा: एक प्लॅटफॉर्म हलता वेळ धरतोय आणि दुसरा एकूण वेळ. चढाईचे आकडे जुळणार नाहीत, कारण काही प्लॅटफॉर्म घड्याळाच्या बॅरोमीटरची उंची टाकून नकाशावरची उंची घेतात. चढाच्या रनवर लोड वेगळा येणारच, कारण चढाची पेस सपाटीवर आणण्याचं गणित प्रत्येकाचं वेगळं आहे. ब्रिकची फाइल दोन खेळांत फुटते का, की अख्खी ‘इतर’ म्हणून बसते, हे ट्रायथलीटसाठी सगळ्यात महत्त्वाचं.

उसळ्याची राइड मुद्दाम घ्यायचं कारण असं. सेन्सरने एका सेकंदाला २,५०० वॅट दाखवले की काही प्लॅटफॉर्म तो खेळाडूचा विक्रम म्हणून नोंदवतात आणि त्याच्या आधारे थ्रेशोल्डचा नवा अंदाज काढून झोनही बदलतात. कोचला पत्ताही नसतो. आपोआप थ्रेशोल्ड बदलण्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. सूचना येऊ द्या, बदल तुमच्या हाताने करा.

लायब्ररी

वर्कआउटची लायब्ररी एका बटणाने हलेल अशी आशा ठेवू नका. निघाली तरी झेडडब्ल्यूओ, ईआरजी, एमआरसी अशा प्रकारांत एकेक निघते. यातल्या ईआरजीत थेट वॅट असतात. एका खेळाडूसाठी लिहिलेलं वर्कआउट दुसऱ्याला तसंच जातं आणि पहिल्या रिपीटलाच बोंब होते. एमआरसी आणि झेडडब्ल्यूओ एफटीपीच्या प्रमाणात असतात, तेच घ्या. हस्तांतराचं निमित्त साधून लायब्ररी छाटाही. वर्षभरात न वापरलेलं वर्कआउट पुढेही बहुधा लागत नाही. तीस-चाळीस नीट लिहिलेले वर्कआउट हाताने पुन्हा बनवणं शेकडो मोडकी आयात करण्यापेक्षा लवकर होतं.

बनवताना एक नमुना घड्याळापर्यंत नेऊन बघा. तीन फेऱ्या, प्रत्येकीत दहा वेळा ३० सेकंद जोरात आणि ३० सेकंद हळू, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. काही प्लॅटफॉर्मवर फेरीच्या आत फेरी करता येत नाही. काही ती करू देतात, पण पाठवताना उलगडून टाकतात: ६० टप्पे, वर विश्रांती, वॉर्म-अप, कूल-डाउन. गार्मिनच्या वर्कआउटला ५० टप्प्यांची मर्यादा आहे, त्यामुळे असं वर्कआउट पोचत नाही किंवा अर्धवट पोचतं. आतली फेरी तीनदा वेगवेगळी लिहिली की बहुतेक ठिकाणी सुटतं. वॉर्म-अपला ‘लॅप बटण दाबेपर्यंत’ हा शेवट चालतो का तेही पाहा. गर्दीच्या रस्त्यावरून मैदानापर्यंत जाणाऱ्याला त्याची रोज गरज असते. १०६ ते ११२ टक्के असा पट्टा दिल्यावर ट्रेनरला मधला आकडा जातो की खालचा, हेही विचारून नाही, चालवून बघा.

खेळाडूंना सांगताना

एक पानाची सूचना पुरे: खातं कसं उघडायचं, घड्याळ कसं जोडायचं, कोणत्या तारखेपासून कुठे बघायचं, शेरा कुठे लिहायचा. वजन, झोप, पाळीच्या नोंदी, आजारपण यांतलं तुम्हाला काय दिसणार आहे ते आधी स्पष्ट सांगा आणि जुन्या नोंदी हलवण्याआधी होकार घ्या. खातं खेळाडूच्याच ईमेलवर असू द्या, तुमच्या नाही. डेटा त्याचा आहे आणि उद्या तो दुसऱ्या कोचकडे गेला तर इतिहास त्याच्यासोबत जायला हवा.

रंगांचा अर्थही सांगा. ट्रेनिंगपीक्समध्ये वर्कआउट ठरवलेल्याच्या ८० ते १२० टक्क्यांत बसलं की हिरवं होतं. दुसरीकडे सीमा वेगळ्या असू शकतात, आणि तेच काम करून अचानक पिवळं दिसायला लागलं की खेळाडू नाउमेद होतो.

दोन्ही प्लॅटफॉर्म चालू असण्याच्या काळात आरपीई न चुकता भरून घ्या. कार्ल फॉस्टरच्या पद्धतीने आरपीई गुणिले मिनिटं केलं की एक लोड मिळतो, जो कोणत्याही सूत्रावर, झोनवर किंवा सेन्सरवर अवलंबून नाही. ६० मिनिटं आणि आरपीई ४ असेल तर २४०, इथेही आणि तिथेही. नव्या आलेखाने काही वेगळंच सांगितलं तर आधी या आकड्याशी ताडून बघा.

जुनी जोडणी तोडण्याचं काम ठरवलेल्या तारखेलाच करा, लांबवू नका. क्रम असा: जुन्या कॅलेंडरमधले पुढचे सगळे वर्कआउट पुसा, मग घड्याळाच्या खात्यातून जुन्या प्लॅटफॉर्मची परवानगी काढा, मग घड्याळ सिंक करून त्यात उरलेले जुने वर्कआउट हाताने काढा. परवानगी आधी काढली तर पुसल्याचा निरोप घड्याळापर्यंत पोचत नाही आणि मंगळवारच्या इंटरव्हलला दोन वेगवेगळे वर्कआउट समोर उभे राहतात. शेवटचं वर्कआउट नोंदवलं गेल्यानंतर पुन्हा एकदा सगळी निर्यात घ्या, दोन-चार फाइली उघडून बघा, आणि मगच जुनं खातं बंद करा.